जुन्या पत्र्याच्या टबात भाजीचा वाफा

वापरातून गेलेला पत्र्याचा टब भंगारात देऊ नका. त्यात घरची भाजी छान पिकते. मेथी, पालक, कोथिंबिरीला 15 ते 20 सेंटिमीटर माती पुरते. वांगी, टोमॅटो, मिरचीला किमान 30 सेंटिमीटर हवी.

आधी तळाला जागोजाग करंगळीएवढी भोके पाडा आणि टब विटांवर ठेवा. पाणी साचत नाही, तळ लवकर गंजत नाही, गच्चीलाही ओल येत नाही. तळाशी खडी घालू नका. निचरा सुधारत नाही, मुळांची जागा मात्र कमी होते. भोकांवर नारळाची शेंडी पसरली की पुरे.

पत्रा उन्हात तापतो आणि कडेची मुळे होरपळतात. म्हणून आतून गोणपाट लावा, बाहेरून चुन्याचा हात द्या आणि एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडा.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. आम्लधर्मी मातीत जस्त अधिक विरघळते. कोकणातली जांभ्याची माती तशीच असते. तिच्यात भरपूर कंपोस्ट आणि थोडा चुना मिसळा. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून रंगाचे पोपडे उडालेला टब किंवा रसायनांचे पिंप भाजीसाठी मुळीच वापरू नका.

ओल्या मातीने भरलेला 60 लिटरचा टब सहज 90 किलोंवर जातो. मातीत कोकोपीट मिसळून वजन कमी करा आणि गच्चीवर टब मधोमध न ठेवता तुळईच्या रेषेवरच ठेवा.