एवढीशी वाघीण, अकरा आकडे

डोंबिवली आणि कल्याण यांच्या मधले ठाकुर्ली हे रेल्वेचे गाव. येथे चोळे या ठिकाणी रेल्वेने १९२९ साली औष्णिक वीजकेंद्र सुरू केले होते. त्याचा कोळसा मालगाडीच्या वाघिणींतून येई. ते केंद्र केव्हाच बंद झाले. मालगाड्या मात्र अजूनही या मार्गावरून जातात. फलाटावरून नीट पाहिले, तर प्रत्येक वाघिणीच्या अंगावर अकरा आकडी क्रमांक दिसेल.

आता हीच वाघीण टेबलावर मावेल एवढी करायची आहे असे समजा. पुण्याला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तेथे गेलेल्यांना अशा प्रतिकृतींची गोडी ठाऊक असेल. जगभर लोकप्रिय असलेल्या 'एचओ' मापात मूळ वस्तू ८७ पटींनी लहान करतात. कोळशाची पावणेअकरा मीटर लांबीची उघडी वाघीण मग सुमारे १२ सेंटिमीटरची होते आणि १५० मिलिमीटर उंचीचा आकडा अवघा १.७ मिलिमीटरचा! एवढे आकडे कुंचल्याने सारखे काढणे जवळजवळ अशक्य. म्हणून छापील 'ट्रान्स्फर' वापरतात.

ट्रान्स्फरचा कागद थरांचा असतो. कागदावर पाण्यात विरघळणारा डिंकासारखा थर, त्यावर लाखेसारखे पातळ पारदर्शक पापुद्रे आणि त्यात छापलेले आकडे. कापलेला तुकडा चिमट्याने पाण्यात धरला की पाणी कागदातून डिंकापर्यंत पोहोचते. डिंक विरघळतो, पापुद्रा सुटतो, पण फाटत नाही. तो ओल्या पृष्ठभागावर सरकवून जागेवर बसवायचा आणि टिपकागदाने पाणी टिपायचे. पाणी निघून गेले की उरलेला डिंक त्याला धरून ठेवतो.

येथे एक अडचण येते. खडबडीत रंगावर पापुद्रा बसवला, तर त्याच्याखाली हवेचे सूक्ष्म कण अडकतात. पापुद्रा आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश परावर्तित होतो व त्या जागी चंदेरी डाग दिसतो. म्हणून आधी गुळगुळीत, चकचकीत रंग किंवा वार्निश लावतात. ट्रान्स्फर वाळल्यावर वर मंद वार्निश दिले की वाघीण पुन्हा खऱ्यासारखी दिसते.

पण आकडे कोणते लावायचे? मनाला येतील ते लावले, तर जाणकाराच्या डोळ्यांना ते लगेच खटकतात. भारतीय रेल्वेच्या क्रमांकात पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात (१० ते २९ म्हणजे उघडी), पुढचे दोन मालक रेल्वे (मध्य रेल्वे ०१), त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतरचे चार अनुक्रमांक. अकरावा आकडा तपासणीचा.

उदाहरणादाखल १२ ०१ ०८ ४३७१ हा क्रमांक घ्या. डावीकडून सम स्थानांवरचे आकडे २, १, ८, ३, १. बेरीज १५, तिची तिप्पट ४५. विषम स्थानांची बेरीज १ + ० + ० + ४ + ७ = १२. एकूण ५७. पुढची दहाची पट ६०, फरक ३. हाच तपासणीचा आकडा.

८ च्या जागी चुकून ६ वाचला, तर बेरीज ५१ होते आणि तपासणी आकडा ९ यायला हवा. म्हणजे चूक कळली. एक आकडा चुकला की ती नेहमीच सापडते. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तरीही बहुधा सापडते. त्या दोहोंतील फरक ५ असेल, तेव्हाच निसटते. का ते तुम्हीच शोधा!

देशभर फिरणाऱ्या लक्षावधी वाघिणींचा हिशेब अशा आकड्यांवर चालतो. एक आकडा चुकला, तर माल भलत्याच वाघिणीच्या नावावर लागेल. फलाटावर थांबून एखादा क्रमांक टिपा, तपासणीचा आकडा जुळतो का पहा आणि मगच आपल्या छोट्या वाघिणीवर ट्रान्स्फर बसवा.