विमा खाटेला, खर्च गोळ्यांचा

2012 ते 2024 या बारा वर्षांत महाराष्ट्रातल्या सरकारी आरोग्य विमा योजनेचे नाव बदलले, दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली, पिवळ्या-केशरी रेशनकार्डांच्या रांगेत पांढरी कार्डेही आली. या काळात चर्चा झाली ती बहुतेक रकमेचीच. लोकांचा पैसा नेमका कोणत्या आजारपणात जातो, हा प्रश्न मागे पडला. त्याचा शोध तर आपल्याच राज्यात कधीचा सुरू झाला होता.

1989 मध्ये रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांचा जळगाव जिल्ह्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. नोशीर अंटिया यांनी उभारलेल्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेचे हे काम. घरोघरी जाऊन दुखण्याखुपण्यावर काय खर्च झाला हे विचारले, तेव्हा सरकार माणशी जेवढे खर्चते त्याहून बरेच जास्त लोक स्वतःच्या खिशातून घालतात, हे आकड्यांत दिसले. ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, असे देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने 1946 मध्येच सांगितले होते. मधल्या काळात कामगारांसाठी राज्य विमा आला, 1986 मध्ये हप्ता परवडणाऱ्यांसाठी मेडिक्लेम आला. शेतमजुराच्या वाट्याला यातले काहीच आले नाही.

कर्नाटकात 2003 मध्ये यशस्विनी, आंध्रात 2007 मध्ये आरोग्यश्री, 2008 मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना, अशी विम्याची लाट आली. 2011 मध्ये डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या तज्ज्ञगटाने स्पष्ट सल्ला दिला: खर्च मुख्यतः करातून करा, विमा कंपन्यांना मध्ये आणू नका, प्राथमिक सेवेवर भर द्या. पुढच्याच वर्षी, 2 जुलै 2012 रोजी, महाराष्ट्राने आठ जिल्ह्यांत विमा कंपनीमार्फतच राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू केली. 2017 मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले.

योजनेने प्राण वाचवले आहेत, हे आधी मान्य करायला हवे. अँजिओप्लास्टीसाठी जमीन गहाण टाकावी लागली नाही, अशी कुटुंबे गावोगाव आहेत. पण रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी थोडा वेळ उभे राहिले की तिची हद्द कळते. रेशनकार्ड, आधार, तपासण्यांचे कागद. मग आजार यादीत बसतो का, पूर्वपरवानगी येते का. बसला तर भरती, ऑपरेशन आणि सुटीनंतर काही दिवसांची औषधे. रोजच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या यात येत नाहीत. त्या परवडत नाहीत म्हणून एक दिवसाआड घेणाऱ्या माणसाची किडनी निकामी झाली की डायलिसिस मात्र योजनेत बसते. म्हणजे किडनी वाचवायला सरकारकडे पैसा नाही आणि गेलेल्या किडनीसाठी आहे. हा उफराटा हिशेब मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो.

राष्ट्रीय नमुना पाहण्यांतून पुन्हा पुन्हा हेच दिसते: खिशातल्या खर्चाचा मोठा भाग भरतीविना घेतलेल्या उपचारांवर आणि औषधांवर होतो. छत्तीसगडमधल्या घरोघरच्या पाहणीवर आधारित 2020 मधल्या अभ्यासात तर विम्याचे कार्ड असूनही भरतीचा खिशातला खर्च घटलेला दिसला नाही. केंद्राच्या आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशाचा वाटा 2013-14 मधल्या 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. ही घट खरोखर एवढी आहे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण 2025 पर्यंत सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाचे वचन होते आणि 2021-22 मध्ये तो 1.84 टक्क्यांवरच होता, याबद्दल वाद नाही.

2023 मध्ये राज्याने दोन निर्णय घेतले. विमा सर्वांना आणि पाच लाखांपर्यंत, हा पहिला; त्याची अंमलबजावणी जुलै 2024 पासून झाली. दुसरा, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह सगळे उपचार मोफत. गाजावाजा पहिल्याचा झाला. माझ्या मते दुसरा जास्त मोलाचा आहे, मात्र औषधे बाहेरून आणायची चिठ्ठी हातात पडली की तो कागदावरच राहतो.

म्हणून विम्याची मर्यादा किती वाढली हे विचारण्याआधी, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साखरेच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या मिळतात का, हे विचारा. ग्रामसभेत विचारा, आमदारांना विचारा, आणि उत्तर लेखी मागा.