वारा आणि घरचा दिवा

१९३० सालच्या सुमारास अमेरिकेंतील मोंटाना किंवा डकोटा या संस्थानांतील शेतकऱ्याच्या घरीं रेडिओ आला, कीं त्याच्याबरोबर एक नवी दगदगही येई. त्या उघड्या माळरानांत विजेच्या तारा पोंचल्या नव्हत्या. रेडिओ बॅटरीवर चाले, आणि बॅटरी उतरली कीं ती गाडींत घालून दूरच्या गांवीं भरावयास न्यावी लागे. अमेरिकेंतील दर दहा शेतघरांपैकीं जवळजवळ नऊ घरें त्या काळीं विजेवांचून होतीं. वारा मात्र त्यांच्या दाराशीं रात्रंदिवस घोंघावत होता.

पाणी उपसणारी, पुष्कळ पात्यांची पवनचक्की तेथें ठिकठिकाणीं होतीच. मोंटानांतील एका पशुपालक कुटुंबांतले मार्सेलस व जो जेकब्स या बंधूंनीं प्रथम तिच्याच चाकाला डायनामो जोडून पाहिला. प्रयोग फसला. तो कां फसला, हें समजून घेण्याजोगें आहे. पुष्कळ पात्यांचें चाक हळू फिरतें, पण नेट मोठा लावतें. खोल विहिरींतील दट्ट्या वर ओढण्यास असाच नेट हवा. डायनामोला हवा असतो वेग, आणि तो थोड्या व अरुंद पात्यांनींच मिळतो. मार्सेलस हे विमान चालविण्यास शिकले होते. त्यांनीं विमानाच्या पंख्याच्या धर्तीवर लांकडी पातीं घडविलीं. दोन पात्यांचा पंखा वाऱ्याबरोबर तोंड वळवितांना हिसके देई. कारण पातीं आडवीं असतांना वळण्यास अडवीत आणि उभीं असतांना मोकळीक देत. तिसरें पातें बसविलें आणि हिसके थांबले. वादळांत पातीं आपोआप तिरपीं होऊन वारा सोडून देतील, अशीही योजना त्यांनीं केली. खालीं घरांत ३२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटऱ्यांची रांग असे. तेवढ्यावर दिवे, रेडिओ आणि इस्त्रीसुद्धां चाले.

गरिबांसाठीं याहून लहान यंत्र निघालें. आयोवा संस्थानांतील सू सिटी येथें विनचार्जर नांवाची चक्की तयार होई. १९३५ सालीं झेनिथ या रेडिओ कंपनीनें तिच्या कारखान्याशीं संधान बांधलें, आणि रेडिओ घेणाऱ्यास ही सहा व्होल्टची चक्की अगदीं थोडक्या किंमतींत मिळूं लागली. गांवाकडच्या खेपा थांबल्या.

आतां वाऱ्याचा हिशेब पाहूं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यांतील शक्ति दुप्पट नव्हे, आठपट होते. कारण एका सेकंदांत पात्यांवरून जाणारी हवा दुप्पट होते, आणि त्या हवेच्या प्रत्येक शेराची गतिशक्ति चौपट होते. शिवाय ती सगळी शक्ति कधींच हातीं लागत नाहीं. शेंकडा ५९ ही तिची कमाल मर्यादा बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत दाखवून दिली, आणि लहान यंत्रांस शेंकडा ३० मिळाले तरी पुष्कळ झालें. दोन मीटर व्यासाची चक्की सेकंदास ५ मीटर वेगाच्या वाऱ्यांत ६०-७० वॉट देते. १० मीटरच्या वाऱ्यांत ५०० च्या वर. ३ मीटरच्या झुळुकींत १५ च्या आसपास. जाहिरातींतील आंकडा सोसाट्याच्या वाऱ्यांतला असतो. तसा वारा वर्षांतून किती तास वाहतो, हें विकणारा सहसा सांगत नाहीं.

म्हणूनच चक्कीपेक्षां तिच्या मनोऱ्याचें महत्त्व अधिक. जमिनीशीं घासून वारा मंदावतो. झाडें आणि घरें यांच्या आडोशाला तो भोंवरे घेऊं लागतो. ३०० फुटांच्या आंत जें कांहीं उंच असेल, त्याहून निदान ३० फूट वर चक्की असावी, असा जाणत्यांचा नियम आहे. त्याकडे दुर्लक्ष करून ब्रिटनमध्यें अनेकांनीं ती घरावरच बसविली. २००७ नंतर तेथें इमारतींवरील २६ चक्क्यांची बारकाईनें मोजणी झाली, तेव्हां कांहींची वीज त्यांच्याच उपकरणांना पुरत नसल्याचें आढळलें. लोकांचे पैसे तर गेलेच, आणि दोष मात्र वाऱ्याच्या माथीं आला.

माळरानावरच्या चक्क्या मागें पडल्या त्या निकामी म्हणून नव्हे. १९३६ सालीं ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला. सरकारी कर्जानें सहकारी संस्थांनीं तारा नेल्या. तारेची वीज वारा पडला तरी येते, तिला बॅटरी लागत नाहीं. कोणी शेतकरी तिला नको म्हणणार? १९५० नंतरच्या कांहीं वर्षांतच जेकब्सचा कारखाना बंद झाला. १९७३ सालीं तेलाची टंचाई आली, तेव्हां हौशी मंडळी जुन्या शेतवाड्यांतून तींच यंत्रें हुडकून दुरुस्त करूं लागली.

जेथें तार गेलीच नाहीं, तेथें चक्की आजही आहे. स्कॉटलंडच्या वायव्येस स्कोरेग नांवाचें भूशिर आहे. तेथें मोटार जात नाहीं. नावेनें किंवा डोंगरवाटेनें पायीं जावें लागतें. १९७० नंतरच्या दशकांत तेथें राहावयास गेलेले ह्यू पिगॉट यांनीं मोटारींच्या टाकाऊ भागांपासून चक्क्या बनविल्या, पातीं हातानें तासलीं आणि ती कृति पुस्तकरूपानें जगास दिली. तिकडे हिवाळ्याचा दिवस लहान आणि वारा प्रचंड. सूर्यपट्ट्या आळसावतात तेव्हां चक्की कामास येते. महाराष्ट्रांत असाच जोड पावसाळ्यांत जमतो. आषाढांत आभाळ झांकलेलें असतें आणि सातारा जिल्ह्यांतील वनकुसवड्याच्या पठारावर उभे राहणें कठीण व्हावें असा वारा सुटतो. हिवाळ्यांत तो पडतो, पण ऊन लख्ख असतें. एकट्या चक्कीवर भिस्त ठेवणाऱ्याचें घर येथें कित्येक रात्रीं अंधारांतच राहील.

चक्की घेण्याचा विचार असेल त्यानें आधीं एक उंच खांब उभारून त्यावर वेगमापक लावावा आणि निदान वर्षभर, सगळे ऋतु फिरून येईपर्यंत, रोजची नोंद ठेवावी. चक्की, मनोरा आणि बॅटऱ्या यांच्या मानानें त्या मापकाची किंमत अगदींच थोडी असते.