धाप आणि फुंकर

आमच्या नांदेड-लातूरकडे एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला माडीचे जिने चढताना धाप लागली, की घरची मंडळी दोन उत्तरे देतात. एक, "आता वय झालं," आणि दुसरे, "त्यांना दमाच आहे." दोन्ही उत्तरे एवढ्या सहजपणे दिली जातात की पुढचा प्रश्न विचारण्याचे कुणाच्या मनातच येत नाही. त्या माणसाला खुर्ची दिली जाते, पाण्याचा तांब्या पुढे केला जातो आणि "तुम्ही आता उठू नका" असे मायेने सांगितले जाते. या शेवटच्या वाक्याविषयी आम्हांला विशेष बोलावयाचे आहे.

आपल्याकडे 'दमा' या एका शब्दाच्या पोटात कित्येक विकार कोंबलेले आहेत. खरा दमा येतो आणि जातो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात रोगी बहुधा ठणठणीत असतो. परंतु दुसरा एक विकार असा आहे की तो पावलापावलाने येतो आणि मग मुक्कामच ठोकतो. सकाळचा खोकला, बेडका, पुढे चढावर धाप आणि शेवटी अंघोळ करतानाही धाप, असा त्याचा क्रम. डॉक्टर त्यास सी.ओ.पी.डी. म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 2019 साली या रोगाने जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली. तो ओळखण्याची परीक्षा साधी आहे. छाती भरून घेतलेला श्वास एका नळीत जोराने सोडावयाचा. औषध देऊनही एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात सात दशांशाहून कमी हवा बाहेर पडली, तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्या असे समजतात. असे असूनही नाडी पाहून, छातीला नळी लावून या रोगाचे निदान उरकले जाते, हे खेदाने म्हणावे लागते.

हा विडी-सिगरेट ओढणाऱ्यांचा रोग, अशी समजूत फार दिवस होती. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सी.ओ.पी.डी.वर लेख लिहून त्या समजुतीला चांगलाच धक्का दिला. आपल्या भागातील स्त्रीला त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांच्या धुरात तिने चाळीस वर्षे भाकरी थापली. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या या बाईच्या फुफ्फुसांनी धूर मात्र भरपूर ओढला. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली आणि खेडोपाडी सिलिंडर आले हे खरे; पण अंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून कित्येक घरी चुलीवरच होतात. सिलिंडर पाहुण्यांच्या चहापुरता!

धुराच्या जोडीला धूळ आहे. लातूरच्या डाळ गिरण्यांत आणि आडत बाजारात पोती उचलणाऱ्या हमालाच्या नाकातोंडात धान्याची धूळ दिवसभर जाते. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडून कित्येक वर्षे लोटली. परंतु कापसाच्या तंतुमय धुळीचा विकार जगातील सर्वच गिरणी-गावांना ठाऊक आहे. त्याची एक खूण मोठी विलक्षण असते. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढील दिवसांत सैल पडते. शिवाय क्षय बरा झालेला, पण मागे जखमी फुफ्फुस राहिलेला रोगी आपल्याकडे थोडा नाही. म्हणूनच दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर आधी थुंकी तपासून घ्यावी. क्षय अंगात असताना नुसते व्यायाम करीत बसणे हे स्वतःला आणि घरच्यांना दोघांनाही घातक.

आता धाप का लागते ते पाहू. रोग्याला वाटते, आपल्याला श्वास आत घेता येत नाही. वस्तुतः त्याला श्वास बाहेर सोडता येत नाही! फुफ्फुसाची लवचीकता गेलेली असते. श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि हवा आत अडकून पडते. त्यावर नवा श्वास घ्यावयाचा, म्हणजे काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतण्यासारखे आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू आहे. तो खाली सरकला की हवा आत येते. अडकलेल्या हवेने हा घुमट आधीच सपाट झालेला असतो, मग तो आणखी खाली काय सरकणार? म्हणून बिचाऱ्या मानेच्या आणि खांद्यांच्या स्नायूंना श्वास ओढावा लागतो. घाबरून माणूस भराभर श्वास घेतो, भराभर श्वासात सोडण्याला वेळच उरत नाही, आणि हवा अधिकच अडकते.

यावरचा उपाय आपल्या बायकांनी बशीतला चहा निववताना हजारदा केलेला आहे. नाकाने मनातल्या मनात दोन आकडे मोजेपर्यंत श्वास घ्यावा, ओठांचा चंबू करावा आणि चार आकडे मोजेपर्यंत हळुवार फुंकर सोडावी. समोर निरांजन आहे असे समजावे. ज्योत लवली पाहिजे, विझता कामा नये. गाल फुगवू नयेत, जोर लावू नये. ओठांच्या अरुंद वाटेमुळे नळ्यांच्या आत थोडा दाब टिकून राहतो, त्या लवकर मिटत नाहीत, आणि अडकलेली हवा सावकाश बाहेर पडते. धाप लागली असता टेबलावर किंवा गुडघ्यांवर हात टेकून किंचित पुढे वाकून बसावे आणि हीच फुंकर चालू ठेवावी. चुलीपुढे फुंकणी फुंकून जिने हा रोग जोडला, तिलाच आता फुंकर घालावयास सांगावे, ही गोष्ट आम्हांला नेहमी चमत्कारिक वाटते. फक्त या वेळी घाई नाही आणि समोर धूरही नाही.

येथे कुणी विचारील, मग आमचा प्राणायाम काय वाईट? मुळीच नाही. लोणावळ्यास 1924 साली कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी प्राणायाम प्रयोगशाळेत नेऊन तपासला आणि त्याचे महत्त्व जादा प्राणवायू मिळण्यात नाही, हे स्पष्ट सांगितले. पूरकाच्या दुप्पट रेचक ही जुनी शिकवण या रोग्याला नेमकी हवी तीच आहे. परंतु ज्यांची धाप तीव्र आहे त्यांनी दूरचित्रवाणी पाहून कपालभाती, भस्त्रिका वा दीर्घ कुंभक करू नये. पोटाने श्वास घेण्याचा सरावही ज्याची छाती फार फुगलेली आहे त्याला कधी कधी उलट थकवतो. तो भौतिकोपचारकासमोरच शिकावा.

कफ काढण्याचीही युक्ती आहे. खोकून खोकून बेजार होण्यापेक्षा मध्यम श्वास घेऊन, आरशावर वाफ सोडावी तसा तोंड उघडून जोरकस 'हा' करावा. एक-दोनदा असे करून पुन्हा शांत श्वास. कफ वर सरकतो आणि दम मोडत नाही.

पण या सर्वांहून मोठे औषध चालणे हे आहे, आणि ते सांगितले की रोगी आमच्याकडे संशयाने पाहतो. धाप लागते म्हणून माणूस बसतो. बसल्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झडतात. दुबळ्या स्नायूंना थोड्या कामालाही अधिक प्राणवायू लागतो, म्हणून काल अंगणापर्यंत गेले तर लागणारी धाप आज उंबऱ्यातच लागते. मग तो आणखी बसतो. "उठू नका" हे मायेचे वाक्य असे माणसाला खाटेपर्यंत नेऊन सोडते. भौतिकोपचारक हे चाक उलटे फिरवतात. आधी सहा मिनिटांत रोगी किती अंतर चालतो ते मोजतात, मग सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून निदान दोनदा, देखरेखीखाली चालणे आणि हातापायांचे व्यायाम करून घेतात. फुफ्फुसाच्या परीक्षेचा आकडा याने सुधारत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सुधारते ते चालण्याचे अंतर, आणि कमी होते ती धाप. 2015 साली अशा 65 चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला, त्याचाही निष्कर्ष हाच आहे.

किती चालावे? दम लागावा, पण तुटक का होईना वाक्य बोलता यावे, इतपत. मग थांबावे, फुंकर घालावी, पुन्हा निघावे. आमच्या वैशाखात हे पहाटेच शक्य आहे. नांदेडकरांना गोदावरीचा घाट आहे, लातूरकरांनी घराजवळचा सपाट रस्ता धरावा. बोटाला लावावयाचे प्राणवायूचे यंत्र घरी असेल आणि चालताना आकडा 88 च्या खाली जात असेल, तर थांबून डॉक्टरांना विचारावे. ओठ निळे पडणे, गुंगी येणे, पायांवर सूज, बेडक्यातून रक्त किंवा अचानक वाढलेला पिवळा कफ आणि ताप, ही व्यायामाची वेळ नव्हे. त्या दिवशी रुग्णालय गाठावे.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1950 नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत देशातील भौतिकोपचाराची पहिली शाळा निघाली. आज लातुरात या विद्येचे महाविद्यालय आहे आणि नांदेडास विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तरीही 'फिजिओथेरपी म्हणजे गुडघ्याचा शेक' हीच कल्पना रूढ आहे. दुसरी कल्पना पंपाविषयीची. पंपाची सवय लागते म्हणून तो ट्रंकेत ठेवणारे घर आम्ही मूर्ख म्हणणार नाही, कारण त्यांना कुणी नीट सांगितलेले नसते. चष्म्याची जशी सवय लागते तशीच पंपाची. आणि व्यायामाच्या आधी डॉक्टरांनी सांगितलेला पंप घेतला, तर चालणेही सोपे जाते. धूर, विडी आणि धूळ मात्र सुटलीच पाहिजे. एका हाताने फुंकर आणि दुसऱ्या हाताने चूल, हे जमणारे नाही.

घरच्यांसाठी थोडे सांगून थांबतो. अंघोळीला स्टूल द्यावे. वरच्या फळीवरचे डबे खाली आणावेत, कारण हात डोक्यावर गेले की श्वासाचे मदतनीस स्नायू त्या कामात अडकतात. पाण्याची कळशी भरलेली नको, अर्धी. आणि ती उचलायची श्वास सोडता सोडता, फुंकर घालीत. मात्र ती त्यांनाच उचलू द्यावी.