'प्रकटीकरणा'तील प्रतीके आणि आशेचा आधार : पालि सुत्ताच्या प्रकाशात

युगान्ताची कल्पना वऱ्हाडच्या भूमीला अपरिचित नाही. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. जैन परंपरेच्या काळगणनेनुसार अवसर्पिणीचे सहा आरे असून सध्या त्यांपैकी पाचवा, दुःखप्रधान आरा चालू आहे. त्याची मर्यादा २१,००० वर्षे. त्यानंतर तितकाच दीर्घ आणि अधिक दुःखमय असा सहावा आरा येईल व पुढे उत्सर्पिणीत पुन्हा उत्कर्ष होत जाईल, अशी ही मांडणी आहे. पालि वाङ्मयातही ऱ्हास आणि उत्कर्ष यांचे विस्तृत चित्र आढळते. ख्रिस्ती धर्मग्रंथाचा शेवट तर अशाच एका दर्शनाने होतो. 'प्रकटीकरण' हे ते पुस्तक होय.

सात मस्तकांचे श्वापद, चार रंगांचे घोडे, अग्नीचे सरोवर, आकाशातून उतरणारी नगरी अशा चित्रांनी हे पुस्तक भरलेले आहे. आपल्यापैकी अनेकजण त्यास भाकडकथा समजून बाजूला सारतात. उलट काही प्रचारक त्यातून जगाच्या अंताची तारीख काढतात आणि गरीब माणसाच्या मनात भय निर्माण करतात. वरवर पाहता ही दोन टोके आहेत. परंतु प्रतीकाला शब्दशः घेण्याची चूक दोघांच्याही हातून घडते. प्रस्तुत लेखात या प्रतीकांचा अर्थ, त्यांतून व्यक्त होणारी आशा आणि बौद्धांच्या आशेशी तिचे असलेले साम्य व भेद यांचा विचार करावयाचा आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी

'प्रकटीकरण' हे नव्या करारातील सत्ताविसावे व अखेरचे पुस्तक. ग्रीक भाषेतील त्याच्या नावाचा मूळ अर्थ 'पडदा दूर करणे' असा आहे. ग्रंथकर्ता योहान एजियन समुद्रातील पात्म नावाच्या बेटावर होता. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील इफिस, स्मुर्णा, पर्गम आदी सात नगरांतील मंडळ्यांना उद्देशून त्याने हे लिहिले. बहुतेक विद्वान हा काळ रोमन सम्राट डोमिशियनच्या राजवटीचा, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या शेवटच्या दशकातील मानतात. त्या प्रदेशात सम्राटाची देवाप्रमाणे पूजा होत असे. त्या पूजेस नकार देणारी मंडळी संख्येने अल्प आणि सत्ताहीन होती.

या प्रकारच्या लेखनाची परंपरा यहुदी समाजात पूर्वीपासून होती. दानीएलच्या पुस्तकातील चार श्वापदांचे दर्शन ग्रीक राजा चौथा अँटिओकस याने यहुद्यांचा छळ मांडला त्या काळाशी, इसवी सनापूर्वी १६७ ते १६४ या वर्षांशी, अभ्यासक जोडतात. सत्तेविरुद्ध उघड बोलणे जेव्हा धोक्याचे असते, तेव्हा पीडित माणूस चित्रांच्या भाषेत बोलतो.

प्रतीकांचा अर्थ

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की चित्रे बोलू लागतात. सात टेकड्यांवर बसलेली 'बाबेल' नगरी म्हणजे रोम, हे तत्कालीन वाचकास सहज उमगत असे. ६६६ या संख्येचे गूढही असेच आहे. हिब्रू भाषेत अक्षरांना संख्यामूल्य असते. 'नीरो कैसर' हे नाव त्या अक्षरांत लिहून बेरीज केली असता ६६६ येते. काही प्राचीन हस्तलिखितांत ही संख्या ६१६ आहे. त्याच नावाच्या लॅटिन उच्चारानुसार तीही जुळते. तेव्हा दोन हजार वर्षांनंतरच्या एखाद्या पुढाऱ्यावर ही संख्या चिकटविणे व्यर्थ होय.

काळ्या घोड्यावरील स्वाराच्या हाती तराजू आहे. दिवसभराच्या मजुरीत एका माणसाला एक दिवस पुरेल एवढाच गहू मिळेल, अशी घोषणा त्याच्या येण्याबरोबर होते. मात्र तेल आणि द्राक्षारस यांना धक्का लागू नये, असेही बजावले जाते. धान्य महाग आणि सधनांच्या वस्तू सुरक्षित, हे दुष्काळाचे अर्थशास्त्र विदर्भ-मराठवाड्यातील वाचकास समजावून सांगण्याची गरज नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना केडगावी आणून आश्रय देणाऱ्या पंडिता रमाबाई यांनीच पुढे हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. रमाबाई १९२२ मध्ये निवर्तल्या. ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. काळ्या घोड्याचे चित्र मराठीत उतरविणाऱ्या या विदुषीने दुष्काळ प्रत्यक्ष पाहिला होता.

बाबेलच्या पतनावर व्यापारी शोक करतात, तेथे त्यांच्या मालाची यादी दिली आहे. सोने, रेशीम, हस्तिदंत, गहू, गुरे अशा क्रमाने जाणारी ही यादी मानवी देहांपाशी, म्हणजे गुलामांपाशी येऊन थांबते. माणसाला माल ठरविणाऱ्या वैभवावर याहून कठोर टीका क्वचितच झाली असेल.

ख्रिस्ती आशेचे मर्म मात्र एका वेगळ्या चित्रात आहे. सिंह आल्याची घोषणा होते. प्रत्यक्षात समोर दिसतो तो वध झालेला कोकरा. अंतिम विजय बळी घेणाऱ्याचा नसून बळी गेलेल्याचा आहे, हा त्याचा आशय. शेवटी माणसे स्वर्गात पळून जात नाहीत. नगरीच पृथ्वीवर उतरते. तिची द्वारे कधी बंद होत नाहीत आणि तेथील वृक्षाची पाने सर्व राष्ट्रांच्या आरोग्यासाठी असतात. अन्यायाची सत्ता शाश्वत नाही, हा त्या छोट्या मंडळ्यांना मिळालेला धीर होता.

पालि सुत्तातील आशा

दीघ निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त हे याच प्रकारचे चित्र रेखाटते; परंतु त्याचा कार्यकारणभाव निराळा आहे. राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी, चोरीला शिक्षा म्हणून शिरच्छेद, त्यातून शस्त्रे आणि हिंसा, पुढे असत्य व अन्य दुराचार अशी साखळी तयार होते. ८०,००० वर्षांचे आयुर्मान घटत घटत १० वर्षांवर येते. कुद्रूसक हे हलके धान्यच तेव्हा श्रेष्ठ अन्न ठरते. अखेरीस सात दिवस माणसे परस्परांना मृगवत् समजून मारतात.

काहीजण मात्र रानात, नदीच्या बेटांवर, डोंगरकपारीत लपून राहतात. मारायचे नाही आणि मरायचेही नाही, हा त्यांचा निश्चय. सात दिवसांनी ते बाहेर येतात, जिवंत असल्याबद्दल एकमेकांना आलिंगन देतात आणि प्राणिहिंसा सोडण्याचे ठरवितात. तेथून आयुर्मान १० वरून २०, २० वरून ४० असे वाढत जाते. मेत्तेय्य बुद्धाचा उदय सुत्तात पुष्कळ पुढे, आयुर्मान पुन्हा ८०,००० झाल्यावर येतो. म्हणजे माणसांनी शील सावरल्यानंतर मेत्तेय्य येतात. मेत्तेय्य येतील म्हणून माणसे थांबत नाहीत. या सुत्ताचा आरंभ आणि शेवट दोन्ही 'अत्तदीप' होण्याच्या उपदेशाने होतात, हे विशेष ध्यानी घ्यावे.

साम्य आणि भेद

जैन मांडणीत उत्कर्ष काळाच्या चक्राने येतो, ख्रिस्ती दर्शनात ईश्वराच्या न्यायाने, तर या सुत्तात मनुष्याच्या कर्माने. 'प्रकटीकरणा'त सूडाचा सूरही आहे आणि अग्नीचे सरोवर मेत्तेच्या कसोटीस उतरत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तथापि पीडितांच्या बाजूने उभे राहण्याचे त्याचे धैर्य नाकारणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी आदर व्यक्त केला. त्याच वेळी दक्षिणेतील चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातिभेदावरही त्यांनी बोट ठेवले. आदर आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, याचा हा वस्तुपाठ होय.

बुद्ध हे मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, असे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात प्रतिपादन केले. त्यामुळे आपल्या आशेला तारणाऱ्याची प्रतीक्षा करण्याची सोय नाही. आपल्या वस्तीत दारिद्र्य कोठे वाढते आहे, त्यातून कोणता दुराचार जन्मास येतो आहे आणि शस्त्र टाकून प्रथम कोण बाहेर येणार आहे, हे प्रश्न सुत्त आपणास विचारते. विहारात जमणाऱ्या उपासक-उपासिकांनी हे सुत्त भविष्यकथन म्हणून न वाचता या प्रश्नांसाठी वाचावे. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या हाती 'प्रकटीकरण' दिसले, तर त्याच्याशी कोकऱ्याच्या चित्रावर अवश्य बोलावे. दुःखाची ओळख दोन्ही परंपरांना आहे. संवादाला तेवढा आरंभ पुरेसा आहे.