संगणकाच्या दोन स्मृती

घरचा संगणक नव्याने हाताळू लागलेल्या माणसाला ज्या सूचना दिल्या जातात, त्या बहुधा सुट्या सुट्या असतात: काम वारंवार सेव्ह करावे, चालू संगणकाची वायर काढू नये, पेनड्राइव्ह एकदम उपटू नये, संगणक अडखळू लागला तर रीस्टार्ट करावा, महत्त्वाच्या फाइलींची प्रत ठेवावी. कारण न सांगता दिलेल्या अशा सूचना चार दिवस पाळल्या जातात आणि नंतर मागे पडतात. वस्तुतः त्यांपैकी बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. संगणकात परस्परविरुद्ध स्वभावाच्या दोन स्मृती असतात. पहिली अतिशय चपळ, पण वीज जाताच रिकामी होणारी, तर दुसरी तुलनेने संथ, पण वीज नसतानाही टिकून राहणारी.

पहिल्या स्मृतीला रॅम म्हणतात. पडद्यावर उघडलेले पत्र, ब्राउझरमधील पाने, चालू असलेले गाणे हे सारे काम चालू असेपर्यंत रॅममध्ये असते. आज प्रचलित असलेल्या रॅमची मूळ कल्पना आयबीएममधील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट त्यांना मिळाले. माहितीचा सर्वांत लहान घटक म्हणजे बिट. शून्य किंवा एक. डेनार्ड यांच्या रचनेत प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर एवढेच पुरते. रचना इतकी साधी असल्यामुळेच आठ गिगाबाइटच्या रॅममध्ये सुमारे ६,८७० कोटी बिट मावतात. मात्र या कपॅसिटरमधील भार सतत गळत असतो, त्यामुळे प्रत्येक बिट साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदातून पंधरा-सोळा वेळा, वाचून पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की हे पुनर्भरण थांबते आणि रॅममधील मजकूर पाहता पाहता नाहीसा होतो.

दुसरी स्मृती म्हणजे डिस्क. आयबीएमने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणकाबरोबर पहिली व्यापारी हार्ड डिस्क बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन एक टनाच्या आसपास होते आणि क्षमता सुमारे ५० लाख अक्षरांची होती, म्हणजे आजच्या मोबाइलने काढलेले एखाददुसरे छायाचित्र मावेल एवढीच. हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकीय ठशांच्या रूपात नोंदली जाते. अलीकडच्या एसएसडीमध्ये फिरणारी चकती नसते. तेथे फ्लॅश नावाच्या चिपमधील विद्युतरोधकाने वेढलेल्या, सहसा न गळणाऱ्या कप्प्यात विद्युतभार कोंडला जातो. दोन्ही प्रकारांत वीज गेली तरी नोंद राहते.

सेव्ह करणे म्हणजे पहिल्या स्मृतीतील मजकूर दुसऱ्या स्मृतीत उतरवणे. नवशिक्याचा येथे एक स्वाभाविक गैरसमज होतो. ज्या अर्थी मजकूर डोळ्यांपुढे दिसत आहे, त्या अर्थी तो संगणकात नोंदला गेला असणार, असे त्याला वाटते. पण पडद्यावर दिसते ते रॅममधले, आणि डिस्कवर असते ते शेवटचे सेव्ह केलेले. या दोहोंमधील अंतर जितके लहान, तितके वीज गेल्यावर होणारे नुकसान कमी. म्हणून एखादा परिच्छेद पूर्ण झाला की कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबण्याची सवय, मजकूर पूर्ण झाल्यावर एकदाच सेव्ह करण्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते. वर्डसारखे प्रोग्रॅम अधूनमधून स्वतःच तात्पुरती प्रत ठेवतात, परंतु तिचे ठरावीक अंतर सहसा दहा मिनिटांचे असते आणि दहा मिनिटांत पुष्कळ लिहून होते. कंट्रोल आणि झेड दाबून चूक मागे घेण्याची सोयही अनेक प्रोग्रॅममध्ये रॅमवरच अवलंबून असते. फाइल बंद करून पुन्हा उघडली की मागे जाण्याची वाट बहुधा राहत नाही.

भारनियमन ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांना यूपीएसचे महत्त्व वेगळे सांगायला नको, पण त्याचे खरे प्रयोजन मात्र अनेकदा लक्षात घेतले जात नाही. घरगुती यूपीएस थोडी मिनिटे वीज पुरवतो. ती काम पुढे चालू ठेवण्यासाठी नसून फाइल सेव्ह करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी असतात. रीतसर बंद करण्याचेही कारण आहे. वेग राखण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम, डिस्कवर लिहायच्या काही गोष्टी थोडा वेळ रॅममध्येच रोखून धरते आणि सवडीने लिहिते. नेमकी त्याच क्षणी वायर निघाली, तर लेखन अर्धवट राहते. विंडोजची एनटीएफएस ही फाइलव्यवस्था आपल्या हालचालींची रोजनिशी ठेवते आणि पुन्हा सुरू होताना तिच्या आधारे डिस्कवरील मांडणी सावरून घेते, मात्र अर्धवट लिहिलेल्या फाइलीतील मजकूर परत मिळेलच याची हमी ती देत नाही. पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी 'इजेक्ट' म्हणायचे ते याचसाठी. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी पेनड्राइव्हसाठी ही रोखून धरण्याची पद्धत सहसा बंद ठेवली असली, तरी कॉपी चालू असताना ड्राइव्ह काढणे धोक्याचेच आहे.

संगणक मंदावला की दोष बहुधा डिस्कवर साठलेल्या छायाचित्रांना दिला जातो आणि घाईघाईने ती पुसली जातात. डिस्क अगदी काठोकाठ भरली असेल तर या तक्रारीत तथ्य असते. एरवी अडचण बहुतेक वेळा रॅमची असते. रॅम अपुरी पडली की ऑपरेटिंग सिस्टिम तीतील काही भाग डिस्कवर हलवते, लागेल तेव्हा परत आणते, आणि डिस्क रॅमच्या तुलनेत फार संथ असल्यामुळे प्रत्येक क्लिकला खोळंबा होतो. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता प्रोग्रॅम किती रॅम अडवून बसला आहे हे दिसते. तेथे ब्राउझरचे नाव सर्वांत वर आढळणे ही नित्याची बाब आहे. उघडी ठेवलेली पण न वाचली जाणारी पाने बंद केल्याने जो फरक पडतो, तो अनेकदा फाइली पुसूनही पडत नाही.

रीस्टार्टविषयी एक गोष्ट पुष्कळ जाणत्यांनाही ठाऊक नसते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'शट डाऊन' म्हटल्यावर संगणक पूर्णपणे कोरा होतोच असे नाही. लवकर सुरू होता यावे यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची त्या वेळची स्थिती डिस्कवर उतरवून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच जशीच्या तशी रॅममध्ये परत आणली जाते. परिणामी गाभ्यात काही बिघाड साचलेला असेल, तर तोही परत येतो. 'रीस्टार्ट' मात्र सारे पहिल्यापासून उभे करते. म्हणून रोज रात्री बंद होणाऱ्या संगणकाच्या टास्क मॅनेजरमध्येही 'अप टाइम' कित्येक दिवसांचा दिसू शकतो, आणि शट डाऊनने न सुटलेली अडचण रीस्टार्टने सुटते ती काही दैवयोगाने नव्हे.

डिस्कची टिकाऊ स्मृती सोयीची तशीच अडचणीचीही आहे. डिलीट केलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते, हे बहुतेकांना माहीत असते. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र सहसा त्या बिनमध्ये जात नाही, हे फाइल गेल्यावरच कळते. बिन रिकामा केल्यानंतरही हार्ड डिस्कवरील मजकूर लगेच नष्ट होत नाही. ग्रंथालयाच्या नोंदवहीतून नाव खोडले तरी पुस्तक कपाटातच राहावे, तसे येथे होते. फाइलव्यवस्था केवळ ती जागा मोकळी झाल्याची नोंद करते आणि नवा मजकूर त्या जागी लिहिला जाईपर्यंत जुना तेथेच असतो. म्हणून चुकून पुसलेली फाइल परत हवी असेल, तर त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये. फाइल परत मिळवून देणारा प्रोग्रॅमही त्याच डिस्कवर उतरवू नये. एसएसडीमध्ये ही संधी फार कमी असते, कारण मोकळ्या झालेल्या जागांची सूचना ड्राइव्हला दिली जाते आणि ड्राइव्ह त्या सवडीने खरोखर कोऱ्या करतो.

याच्या उलट, जुना संगणक विकताना हीच चिवट स्मृती घातक ठरते. अमेरिकेतील एमआयटीच्या सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलट या संशोधकांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी केवळ १२ नीट पुसलेल्या निघाल्या, तर बाकीच्यांत मिळून ५,००० हून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. विंडोजमध्ये 'रीसेट'च्या वेळी ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा जो वेगळा पर्याय येतो, तो वेळखाऊ असला तरी संगणक परक्या हाती देताना तोच निवडावा.

टिकाऊ म्हटलेली डिस्कही कधी ना कधी बिघडतेच. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला संकेत म्हणूनच घरगुती वापरालाही लागू पडतो. बाहेरची हार्ड डिस्क प्रत घेऊन झाल्यावर काढून ठेवावी, कारण फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर, जसे मे २०१७ मध्ये जगभर पसरलेले वॉनाक्राय, जोडलेल्या ड्राइव्हलाही सोडत नाही. इंटरनेटवरील साठवण ही प्रतीची आणखी एक जागा खरी, परंतु जी सेवा संगणकातील फोल्डरशी सतत जुळवून घेते, ती संगणकात पुसलेली फाइल तिकडेही पुसते.

मराठी वाचकाला आणखी एका नुकसानीची ओळख असते, जीत दोन्ही स्मृती निर्दोष असतात. युनिकोड घरोघरी पोहोचण्यापूर्वी मराठी मजकूर अशा फाँटमध्ये लिहिला जाई, ज्यात रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. डिस्कवर साठत ते रोमन अक्षरांचे क्रमांक. देवनागरी दिसे ती फाँटच्या कृपेने. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाइल अर्थहीन रोमन अक्षरांची रांग बनते. युनिकोडमध्ये 'क' या अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे तो मजकूर कोणत्याही देवनागरी फाँटमध्ये वाचता येतो. नवे लेखन इन्स्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी युनिकोड कळफलकानेच करावे, आणि जुन्या फाइली मूळ फाँट हाताशी आहे तोवर रूपांतरित करून घ्याव्यात. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. म्हणून मूळ फाइलीची एक पीडीएफ, जीत फाँट सहसा आतच साठवलेला असतो, ताडून पाहण्यासाठी आधीच काढून ठेवावी.