भाव आणि पडतळ

वहीपूजनाचा मुहूर्त जवळ आला की दुकानाची रंगरंगोटी होते आणि त्याबरोबर जुने पंखे बदलण्याचा विषयही निघतो. समजा, विक्रेत्याने दोन भाव सांगितले : साधा पंखा १,६०० रुपये, बीएलडीसी पंखा ३,००० रुपये. बारा पंख्यांमागे फरक १६,८०० रुपयांचा. बहुधा साध्या पंख्यांवरच बोट ठेवले जाते. हमाली, वाहतूक, घट आणि व्याज मिळवून पडतळ काढल्याखेरीज जो व्यापारी एक पोतेही माल उचलत नाही, तोच स्वतःच्या वापराची वस्तू मात्र नुसता भाव पाहून घेतो, हे नवलच म्हणावे लागेल.

पंख्याचीही पडतळ काढता येते. साधा पंखा पूर्ण वेगाने फिरताना सुमारे ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी पंख्याच्या मोटरीत कायमस्वरूपी चुंबक असल्यामुळे उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज कमी असते आणि त्याचे काम सुमारे ३० वॅटमध्ये भागते. दुकान रोज १२ तास आणि वर्षातून ३०० दिवस उघडे राहते असे धरले, तर ३,६०० तासांत एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. युनिटला १० रुपये दर धरल्यास ही बचत १,६२० रुपये होते. म्हणजे जादा मोजलेले १,४०० रुपये वर्षाच्या आतच परत येतात. ही रक्कम बँकेकडून १२ टक्के व्याजाने उचलली, तरी वर्षाचे व्याज १६८ रुपयेच.

‘महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार’ ही म्हण पेढीवर नेहमी ऐकू येते. परंतु ती सर्वत्र लागू पडत नाही. पाहुण्यांच्या खोलीतील पंखा वर्षाकाठी २०० तासच फिरत असेल, तर त्याच दराने बचत होते ९ युनिटांची, म्हणजे ९० रुपयांची. येथे १,४०० रुपयांचे व्याजही सुटत नाही. त्या खोलीला साधा पंखाच योग्य. वस्तू स्वस्त की महाग, हे तिच्या किमतीवरून नव्हे, तर ती किती तास राबणार यावरून ठरते.

खरेदीपूर्वी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जाबचतीचे तारांकन सक्तीचे झाले आहे. ते पाहावे, पण वॅटचा आकडाही वाचावा. दुसरी गोष्ट हमीची. साध्या पंख्याचे वाइंडिंग गावातला कारागीरही करून देतो. बीएलडीसी पंख्यातील इलेक्ट्रॉनिक सर्किट बिघडल्यास ते बहुधा बदलावेच लागते. म्हणून जादा रक्कम वसूल होण्याचा काळ हमीच्या काळाहून कमी असावा. या कसोटीला वस्तू उतरत नसेल, तर विक्रेत्याच्या स्तुतीला भुलू नये.

हा हिशेब घरापुरता मर्यादित नाही. आपल्याकडे दाते बोर्डिंगला, भोजनशाळेला उदारपणे वस्तू देतात. किंमत दाता एकदाच देतो. विजेचे बिल मात्र संस्था दरमहा भरत राहते. एखाद्या बोर्डिंगला ४० पंखे द्यायचे आहेत आणि ते वर्षाला ३,००० तास फिरणार आहेत, असे समजू. साधे पंखे दिल्यास दात्याचे ५६,००० रुपये वाचतील. परंतु वरच्याच दराने संस्थेचे बिल दरवर्षी ५४,००० रुपयांनी वाढेल. ही रक्कम अखेर विद्यार्थ्यांच्या जेवणातून किंवा पुस्तकांतून निघते. चाळीस पंख्यांचे अंदाजपत्रक असेल, तर सर्वाधिक वापराच्या खोल्यांसाठी एकवीसच, पण चांगले पंखे द्यावेत आणि उरलेले पुढील दात्यासाठी ठेवावेत. पाटीवरचा आकडा लहान दिसेल, दान मात्र मोठे होईल.

मात्र या सर्व गणिताच्या आधी एक प्रश्न येतो : वस्तू हवीच आहे का? परिग्रह-परिमाण व्रत श्रावकाला नेमके हेच विचारते. देशातील बहुतांश वीज आजही कोळसा जाळून तयार होते. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा ३० वॅटचा असो वा ७५ चा, त्यामागची अग्निकायिक जीवांची विराधना निष्प्रयोजनच. शास्त्रकारांनी अनर्थदंड म्हणून जे टाळायला सांगितले, त्यातलीच. बटण बंद करण्याला भांडवल लागत नाही आणि त्याची बचत पहिल्या दिवसापासून सुरू होते.

यंदा वहीपूजनानंतर नव्या वहीचे एक पान अशा खरेदीसाठी राखून ठेवावे. वस्तू, किंमत, वापराचे तास, वार्षिक खर्च आणि हमी असे पाच रकाने पुरेत. पुढच्या दिवाळीला ते पान उघडले की आपण भाव पाहिला होता की पडतळ, याचे उत्तर आपल्याच हस्ताक्षरात मिळेल.